दिग्याचा खेकडा

दिग्या, तुही तिरडी मी बांधली. प्रेमानं बांधली असं समजू नको. तुह्या अंगणात वीस माणसं उभी होती आन् एकालेही बांबूवर धड सुतळी आवळता येत नव्हती. एक जण गाठ मारे आन् बांबू फिरे. शेवटी तुहा साळा म्हणला, "किसनभाऊले बोलवा, त्यायच्या हाताले येते." मी रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली उभा होतो. आत येणार नव्हतो. चार वर्षं तुह्या उंबरठ्यावर पाय ठेवला नव्हता आन् तू मेला म्हणून ठेवीन असं काही ठरलं नव्हतं. पण तू लोंबकळत गेला असता तर गावानं मलेच नावं ठेवली असती. म्हणून आलो.

आठ ठिकाणी आवळली. आन् गाठ कोणती मारली? तुहीच. दोन वळसे, टोक खालून घ्यायचं, उलटं दाबून ओढायचं. तुहा बाप हिरीवर मोट हाकत होता तवाची गाठ. अंबाडीच्या दोरावर बैलजोडीनं ओढली तरी हलत नाई. तामसीकडच्या साऱ्या गावायमंदी, "दिगंबरनं बांधलं" म्हणलं की पुढं कोणी हात लावून पाहत नव्हतं. स्मशानापर्यंत तू जागचा हलला नाई. तुह्याच गाठीत गेला.

आता ऐकून घे. जिवंत असताना तू मले वाक्य पुरं करू देत नव्हता. आता आडवा येता येत नाई तुले.

तुह्या दारात लोकं काय बोलून राह्यले होते माईत हाय? "दोस्तासाठी पाण्यात मशीन सोडलं, असा माणूस होणे नाई." डोळे पुसून राह्यले होते. मी सुतळी ओढत होतो आन् दात खात होतो. कारण ते मशीन दोस्तासाठी नव्हतं, हे फक्त मले माईत होतं. म्हणजे, मले वाटत होतं की मले माईत हाय.

सुरवातीपासून सांगतो. तुले नाई, तुले सारं माईतच हाय. मले एकदा आपल्या तोंडून सांगायचं हाय.

आदिलाबादच्या बस अड्ड्यामागं आपलं दुकान होतं, जळलेल्या मोटारी नव्यानं भरायचं. वाइंडिंगवाल्यावर सारी दुनिया एकच संशय घेते, तांब्याचा. जुनी तार किती निघाली, नवी किती घातली, मधात किती खाल्ली. आपण दोघं त्याले हसत होतो. भरलेल्या मोटारीवर पांढऱ्या रंगानं "कि-दि" लिहीत होतो. किसन आन् दिगंबर. कोणत्या वावरात मोटार पडली असली तरी लांबून ओळखू येई.

त्या उन्हाळ्यात खदानीवरची मोठी सबमर्सिबल जळली. चुनखडीची खदान, जुना खड्डा, पाणी काळंभोर, तळ कोणी पाह्यलेला नव्हता. मोटार वर काढून दुकानात आणायची होती. ठेकेदारानं नवाकोरा नायलॉनचा दोर दिला होता. आपण दोघायनं तसा दोर तवा पहिल्यांदाच हातात घेतला. तू म्हणला, "काय गुळगुळीत हाय बे, बाईच्या रिबिनीसारखा." टोकं उसवू नये म्हणून तू दोन्ही टोकं काडेपेटीनं जाळली, त्याचा काळा मणी झाला. एक टोक तळाच्या मोटारीच्या जुन्या साखळीत अडकवलं, दुसरं टोक तू वर चेनकप्पीच्या हुकाले बांधलं. तुह्या गाठीनं. मंग म्हणला, "ओढ तू, मी तार घेऊन येतो," आन् आदिलाबादच्या बसमंदी बसून गेला.

मजूर जेवायले गेले होते. मी एकटा कप्पी ओढत होतो. मोटार पाण्याबाहेर हातभर आली. मी "कि-दि" वाचलं. आन् कप्पी एकदम हलकी झाली. मोटार गेली, दोर गेला, हुक रिकामा झुलत राह्यला.

मजूर जेवून आले तर काठावर मी, मोटार नाई, दोर नाई. खदानीचा मुन्शी आला. तू पण तितक्यात तारेचं बंडल घेऊन आला. मुन्शीनं साधं विचारलं, "रस्सी टूटी बोलते तुम. टूटी तो टुकड़ा किधर है? हुक को कुछ तो रहना ना?"

खरंच, दोर तुटला असता तर गाठ आन् उलशाक तुकडा हुकाले राह्यला असता. पण मी काय बोललो, आठवते तुले? मी छाती पुढं काढून बोललो, "गाठ दिगंबरची होती साहेब. ते सुटत नाई. दोरच तुटला असंन."

आन् तू तुह्या चपलेकडं पाहत होता.

गळ टाकले. गोदावरीवरचा एक बुडी मारणारा आणला, तो थोडा खाली जाऊन कुडकुडत वर आला, म्हणे खाली हातसुद्धा दिसत नाई. झालं. गावानं ठरवलं, किसननं मोटार गाडीवर टाकून विकली, तांबं खाल्लं. दोन दिवस ठाण्यात बसवलं मले. मराठीत चोट्टा, हिंदीत चोर, आन् तिथल्या शिपायाकडून तेलुगूत दोंगा. साबित काहीच झालं नाई, पण साबित कोणाले पायजे होतं?

त्यानंतर माहं दुकान कसं चाललं ते तू पाह्यलं नाई, कारण तू येणं बंद केलं. बाजारहत्नूरचा एक म्हातारा मोटार घेऊन आला तर डबा बांधून आला. दिवसभर माह्या पुढ्यात बसला. मी लघवीले उठलो तर तो बी उठला. संध्याकाळी जळकी तार तोलून मागतली, तोलून नेली. सुमनकडं शेजारीण आली, आमच्या घरच्या लग्नासाठी उसनी दिलेली पितळी घागर परत मागाले. लग्न दोन महिन्यांनी होतं. सुमननं घागर घासून दिली, आन् आत येऊन मले म्हणे, "तुमी नाई घेतली ना हो मोटार?" माही बायको, दिग्या. एकदाच विचारलं तिनं, पण विचारलं.

तू तेवढ्यात केबलवाला झाला. छतावर मोठी डिश, घराघरात काळी तार, गावात तुहं नाव. सात वर्षं आपण रस्त्यात भेटलो की पावसाबद्दल बोललो.

मंग एका दुपारी तू दुकानात आला. हातात काडेपेट्यांच्या पुड्याएवढा कॅमेरा, हैदराबादेहून आणलेला, दुकानावर नजर ठेवायसाठी लावतात तसला. खुर्ची ओढली, जशी काय कालच उठून गेल्ता. म्हणला, "किसन्या, हा पाण्यात सोडायचा. खदानीच्या तळाले. वर टीव्हीवर दिसते सारं. मोटार तिथं असली तर दिसंन."

असली तर.

मी म्हणलो, "दिग्या, त्या मशीनची काही गरज नाई. सोमवारच्या बाजारात उभा राहा आन् एवढंच म्हण, किसन चोर नाई. तुह्या तोंडाले वजन हाय. एका वाक्याचं काम हाय."

"बोलण्यानं काय होते? पुरावा पायजे."

"लोकायले पायजे का तुले पायजे?"

तू कॅमेऱ्याची काच सदऱ्यानं पुसत बसला. त्या दिवशी मी समजलो की तुले बी वाटते मी चोर हाय, आन् ते पक्कं कराले तू एवढा खटाटोप करून राह्यला. तरी मी हो म्हणलो. काऊन? मले माहं नाव पायजे होतं. तुह्या हातून तर तुह्या हातून.

अकरा महिने लागले. बोअरचा जाड प्लास्टिकचा पाइप कापून धड केलं. जुन्या जीपच्या पंख्याच्या तीन मोटारी, दोन पुढं-मागं जायले, एक वर-खाली. कूलरची पाती कापून पंखे. ट्रॅक्टरचा दिवा. आन् वरपर्यंत तुही केबलची तार, बोर्डावर घराच्या दरवाजाच्या घंटीची सहा बटनं. पुढून दिवा आन् बाजूले पंखे, लोकं त्याले दिग्याचा खेकडा म्हणाले लागले. माह्या नावाचा एक पायसुद्धा नव्हता त्या खेकड्याले, आन् तिन्ही मोटारी मी भरल्या होत्या.

भांडलो किती आपण! तुहं एकच, "पाणी आत येऊच द्यायचं नाई." रबर, लाख, डांबर, सायकलच्या ट्यूबची पट्टी, आवळ, अजून आवळ. मी म्हणत होतो, "अबे भैताडा, आपण सबमर्सिबलमंदी काय करतो? आतून पाणी भरूनच सोडतो ना? जे आतून भरलेलं हाय त्याले बाहेरचं पाणी काय दाबंन? तेल भर मोटारीत. ट्रान्सफॉर्मरचं तेल भर आन् एका बाजूले ट्यूबचा फुगा ठेव. कॅमेऱ्याची डबी तेवढी कोरडी ठेव."

"तू गप्प राहा, तार भर."

मुधोळच्या अंगाले तुह्या मावशीच्या हिरीत पहिल्यांदा सोडलं. तीस हात गेलं आन् तिन्ही मोटारी बसल्या. वर काढलं तर आतून पाणी गळून राह्यलं, बाजूले तरंगायसाठी लावलेले तेलाचे रिकामे डबे पापडासारखे चपटे. तू हिरीच्या काठावर बसून राह्यला. मले हसू आलं. लय हसलो मी. मावशीनं भाकर आन् अंबाडीची भाजी आणली तरी माहं हसणं थांबेना, आन् मंग तू बी हसला. त्या अर्ध्या तासासाठी, दिग्या, मी सारं विसरलो होतो. ते तेवढं खरं होतं.

आठ दिवसांनी दुकानात आलो तर तू मोटारीत तेल भरून राह्यला होता. म्हणला, "मले एक कल्पना सुचली." सुचली म्हणे! मी तारेचं बंडल भिंतीवर फेकून मारलं.

तो दिवस आला. बैलबंडीवर टीव्ही, जनरेटर, आन् गल्लीभर लोकं. तू टीव्हीच्या वायरीत तुहा व्हीसीआर बी लावला, कॅसेट भराले, म्हणे पुढं कोणी खोटं म्हणू नये. खेकडा पाण्यात गेला. पडद्यावर आधी नुसता पांढरा गाळ, जशी चाळणीतून पीठ गळून राह्यलं. लोकं कंटाळले, पोरायनं शेंगदाणे काढले. मंग एक काळी सावली. तू बटन दाबलं, खेकडा वळला, दिवा पडला, आन् मोटारीच्या अंगावर पांढरी अक्षरं. कि-दि.

जो कल्लोळ झाला! आठ वर्षं मले पाहून पिशवी आवळणारे लोकं नाचत होते. मी मागं जाऊन दगडावर बसलो आन् लहान लेकरासारखा रडलो. त्यानंतर पडद्यावर काय दिसलं ते मी पाह्यलं नाई. कोणी पाह्यलं नाई. सारे तुले खांद्यावर घेऊन राह्यले होते.

हार तुह्या गळ्यात पडला. तुह्या. माह्यापाशी एक माणूस आला नाई, एकानं म्हणलं नाई की किसन, चुकलो बापा. आन् तू त्या गर्दीतून ओरडून सांगतलं, "माहा दोस्त खरं बोलत होता!"

मी तिथूनच म्हणलो, "तुले आज समजलं काय?"

तुहं तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, बाण बरोबर लागला. तू पाठ फिरवली, टीव्हीसमोर जाऊन बसला, म्हणला, "केबल अडकली, सरका, उजेड येऊ द्या." मी पायी घरी आलो. तवापासून एक शब्द नाई. आठ दिवसात तू खेकडा मोडून टाकला म्हणून ऐकलं. मी म्हणलो, काम झालं, माज आला. मागच्या महिन्यात तू दवाखान्यात होता तवा वैनीनं दोनदा निरोप धाडला. आलो नाई. ते माहं चुकलं, आन् ते मी कोणापाशी कबूल करणार नाई, तुह्यापाशी बी नाई.

काल तुहा दहावा झाला. वैनीनं बोलावलं. तुह्या त्या केबलच्या खोलीत बसवलं, कपाटातून कॅसेट काढली. म्हणे, "हे तुमाले दाखवायची होती त्यायले. कितीदा तरी पिशवीत घालून निघाले, दरवाजापर्यंत जायचे, चप्पल घालायचे, आन् परत काढून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणे, उद्या जातो." कॅसेट लावून ती च्या ठेवायले गेली.

मी पाह्यलं. गाळ, सावली, कि-दि. मंग पडदा हलला. केबल अडकली नव्हती, दिग्या. तू खेकडा मोटारीवरून पुढं नेला. हळू, दोराच्या काठाकाठानं. दोर तळावर वेटोळं करून पडला होता, तू एकेक वेटोळं पाहत गेला, जसं हरवलेलं काही शोधत. आन् टोकाशी थांबला.

टोक साबूत होतं. तुटलेलं नाई, उसवलेलं नाई. काडेपेटीनं जाळलेला काळा मणी जसाच्या तसा. त्याच्या मागं दोराले दोन वळशांचा पीळ अजून बसलेला. तुह्या बापाच्या गाठीचा पीळ. अंबाडी अंबाडीले धरते, नायलॉन सरकते, हे आज ट्रकवाल्याचा क्लीनर बी सांगंन, तिसरा वळसा देते तो. तवा कोणाले माईत होतं? तुले नव्हतं, मले नव्हतं.

त्या मण्यावर तू किती वेळ थांबला! कॅसेट संपेपर्यंत. मागं लोकं तुह्या नावानं ओरडून राह्यले असतील आन् तू तिथं बसून तुही सुटलेली गाठ पाहत होता.

म्हणजे तुले माह्यावर संशय नव्हताच. पहिल्या दिवसापासून नव्हता. मुन्शीनं तुकडा विचारला तवाच तुले समजलं होतं. चपलेकडं काऊन पाहत होता ते मले काल कळलं. अरे हरामखोरा! याच्यापेक्षा तू मले चोर समजला असता तर बरं होतं. त्याचा राग मले सवयीचा झाला होता. ठाण्यात मी दोन दिवस तुह्या गाठीची कसम खाल्ली. "गाठ सुटली साहेब," एवढं बोलला असता तर मी घरी आलो असतो, जेवलो असतो, तुले दोन कानाखाली वाजवल्या असत्या आन् मंग आपण च्या प्यालो असतो. एवढंच झालं असतं. बापाची गाठ एवढी मोठी होती काय, माह्यापेक्षा?

आन् तुले येत नव्हतं असं बी नाई. दुकानात मी नवा होतो, पहिलीच मोटार मी उलटी जोडून जाळली. धूर निघाला. मोटारीचा मालक धावत आला. तू पक्कड खाली ठेवून म्हणला, "माह्या हातून जळली भाऊ, भरून देतो." सहज. जशी काय चिलीम मागतली. त्या दिवसापासून मी तुहा झालो. त्या एका वाक्यावर मी तुह्या गाठीची कसम खाल्ली, समजलं? ज्याले दुसऱ्याची चूक अंगावर घेता येत होती त्याले आपली काऊन आली नाई?

याचं उत्तर आता तू देणार नाई. मरून सुटला.

मी कॅसेट उलशीक मागं घेऊन थांबवली होती. पडद्यावर तो मणी थांबलेला. वैनी च्या घेऊन आली. दहा दिवसात अर्धी झाली ती. कपाटावर तुहा फोटो, ज्यात त्या खदानीच्या दिवशीचा हार तुह्या गळ्यात हाय. तिनं कप ठेवला, पडद्याकडं पाह्यलं.

"किसनभाऊ, हे काळं काळं काय दिसून राह्यलं?"

दिग्या, ठाण्यात मले मारलं तरी मी खोटं बोललो नव्हतो. सुमननं विचारलं तरी नाई. माह्यापाशी तेवढं एकच होतं.

मी म्हणलो, "हे? हे दोराचं टोक हाय वैनी. तुटलेलं."

"तुटलाच होता ना दोर?"

"तुटलाच होता."

ती बरं म्हणली आन् बशी माह्याकडं सरकवली. मी च्या प्यालो, कॅसेट काढली आन् पिशवीत घालून घरी आणली. तेराव्याले येतो. पंगतीत वाढीन बी. पण तुह्या फोटोले हार मी घालणार नाई, दिग्या.